अडीच फुटांची बार्शी लाईट

बार्शी लाईटचं, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेल्या आमच्या छोट्या रेल्वेचं, नाव काढलं की आमच्या भागात पहिली गोष्ट अजूनही तीच निघते. गाडी इतकी सावकाश जायची म्हणे, की पुढच्या डब्यातून उतरावं, रानातला हरभरा उपटावा आणि मागच्या डब्यात निवांत चढावं. ज्यांनी ती गाडी पाहिलेलीसुद्धा नाही, अशी पोरंही ही गोष्ट सांगतात. मी लाईनचं मॉडेल करायला घेतलं तेव्हा माझ्याही डोक्यात हीच गाडी होती, झुकझुक करत जाणारी, जराशी बापुडवाणी. आज ती गोष्ट कुणी सांगू लागलं तर मी ऐकून घेतो आणि मग त्यांना टेबलापाशी नेऊन उभं करतो.

माझं आजोळ येडशी, आत्या बार्शीत. त्यामुळे सुट्टीतला प्रवास ठरलेला: कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि छोटी गाडी धरायची. उतरेपर्यंत कोळशाची कणी डोळ्यांत गेलेली आणि पांढरा शर्ट काळा झालेला असायचा. ही नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाईन, बंद झाली तेव्हा मी नोकरीनिमित्त पुण्यात होतो. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात एकेक टप्पा करत सगळी लाईन मोठी, म्हणजे ब्रॉडगेज, झाली. मोठी लाईन आली ही चांगलीच गोष्ट झाली. लातूरहून रात्री बसून सकाळी मुंबईत उतरणारा माणूस जुन्या गाडीसाठी रडणार नाही आणि त्याने रडूही नये. पण रूळ उखडले गेल्यावर काही वर्षांतच माझ्या लक्षात आलं, की लोकांच्या बोलण्यात फक्त हरभऱ्याची गोष्ट उरली आहे आणि बाकीची लाईन विसरली जाते आहे.

आणि बाकीची लाईन केवढी होती! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत नोकरीला होता. पुण्याहून सोलापूर-रायचूरकडे जाणारी मोठी लाईन कापसाच्या पेठेला, बार्शीला, बाजूला टाकून गेली होती आणि बार्शीचा माल बैलगाड्यांनी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, जायचा. ही वाट त्याने हेरली. १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये निजामाच्या मुलुखात लातूरला आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरजेला. एकूण २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर, सगळी अडीच फुटी. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली, तरी आमच्याकडे नाव बार्शी लाईटच राहिलं.

पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. ते मी अनेकदा पाहिलेलं. त्यामुळे घरात रेल्वे उभी करता येते हे माहीत होतं. सवाल प्रमाणाचा होता. मॉडेलच्या दुनियेत १:८७ हे प्रमाण सगळ्यांत रुळलेलं आहे. आपली लाईन अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि बाजारात एन गेज नावाचा ९ मिलिमीटरचा ट्रॅक तयार मिळतो. तो मोठ्या गाड्यांच्या याहून लहान मॉडेलसाठी असतो, पण अंतर आपल्या कामाचं. हे गणित जुळलं त्या रात्री मी वहीत सगळी लाईन ८७ ने भागून पाहिली. लातूर ते मिरज पावणेचार किलोमीटर! तेव्हा सगळी लाईन हा विषय तिथेच मिटला. बार्शीच्या पुढे, पांगरीहून रामलिंगच्या बाजूने बालाघाट चढून येडशीला येणारा तुकडा घ्यायचा असं ठरवलं. आजोळ म्हणून घेतला हे खरं. पण घाट असल्यामुळे गाडीची खरी परीक्षा तिथेच होणार होती.

पहिली अडचण रुळांनीच दाखवली. बाजारातला साधा एन गेजचा रूळ दोन मिलिमीटर उंच असतो. ८७ ने गुणलं की १७४ मिलिमीटर. आज राजधानी ज्या रुळावरून धावते, तो मीटरला ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिलिमीटर उंचीचा आहे. म्हणजे हा ट्रॅक घातला असता तर माझी बार्शी लाईट राजधानीच्या रुळांवर उभी राहिली असती. कॅलथ्रॉपने घातलेला रूळ यार्डाला ३० पौंडांचा होता, मीटरला साधारण १५ किलो, म्हणजे आजच्या रुळाच्या पाव वजनाचा. त्याची उंची तीन इंचांच्या आसपास. माझ्या प्रमाणात एक मिलिमीटरसुद्धा नाही. तसा बारीक रूळ बाहेरून मागवला, रुळांखालचे आडवे स्लीपर पट्ट्या कापून हाताने मांडले आणि एकेक जोड चिकटवत गेलो. डोळ्यांना त्रास होतो, वेळ जातो, पण तो रूळ खडीत बसल्यावर जे दिसतं त्याला तोड नाही. काडीसारखा रूळ. आणि त्यावर सात फुटांहून रुंद डबा!

हा डबा ठेवल्यावर माझ्या डोक्यातल्या गोष्टीला पहिला तडा गेला. नऊ मिलिमीटरचा ट्रॅक आणि त्यावर पंचवीस मिलिमीटरचा डबा. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना डबा जवळजवळ एकेक ट्रॅकभर बाहेर आलेला. लहान रेल्वे म्हणजे सगळंच लहान असा आपला समज असतो. इथे लहान होता तो फक्त रूळ.

हे एवढं सगळं त्यावर पेललं कसं, या प्रश्नाने मला कॅलथ्रॉपच्या मूळ विचारापर्यंत नेलं. त्याचं म्हणणं साधं होतं. रूळ मोडतो तो गाडीच्या एकूण वजनाने मोडत नाही, एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती वजन आलं त्याने मोडतो. तेव्हा प्रत्येक आसावर पाच टनच यायचे, मग तो आस इंजिनाचा असो, डब्याचा असो की कापसाच्या वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा. इंजिन जड हवं तर त्याला आस वाढवा. वाघिणीत जास्त माल हवा तर तिला चार चाकांऐवजी आठ चाकं द्या आणि सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादाचा करा, म्हणजे वाघिणीचं स्वतःचं वजन कमी आणि मालाचं जास्त. लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी जी पहिली इंजिनं केली, त्यांना ओढणारी आठ चाकं होती आणि मागे टेकू द्यायला आणखी चार. लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून या गाड्यांच्या चाचण्या घेतल्या गेल्या आणि इंग्लंडातले इंजिनिअर त्या पाहायला आले. बार्शीच्या कापसासाठी केलेली गाडी तिकडे नमुना म्हणून दाखवली गेली, ही गोष्ट आमच्या बार्शीत किती जणांना माहीत आहे?

त्याच कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन बांधली, हीसुद्धा अडीच फुटी. १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. जेमतेम तीस वर्षं चाललेली, खोऱ्यातलं दूध वाहणारी ती लाईन. तिची मॉडेलं तिकडच्या हौशी लोकांनी इतकी केली आहेत की विचारायची सोय नाही. बार्शी लाईट तिची थोरली बहीण, शंभर वर्षांहून जास्त चाललेली, आणि तिच्या मॉडेलसाठी मला साधं ड्रॉइंग गोळा करतानाही घाम फुटला. हे मला लागलं, आणि खरं सांगायचं तर काम पुढे रेटायला त्याचाच जोर मिळाला.

ड्रॉइंग नाही म्हटल्यावर माणसं आणि जमीन हे दोनच आधार. माणसांना कसं विचारायचं हे मला हळूहळू कळलं. "गाडीबद्दल काही सांगा ना" म्हटलं की हरभरा येतो. हमखास येतो. पण "पाण्याचा नळ फलाटाच्या कुठल्या अंगाला होता? इंजिन नळाखाली उभं राहिलं की पहिला डबा कुठे यायचा?" असं विचारलं की माणूस गप्प होतो, डोळे बारीक करतो आणि हाताने हवेत दाखवायला लागतो. मग हवेतल्या त्या हातामागे गोष्टी येतात, ज्या त्याने स्वतःसुद्धा वर्षानुवर्षं आठवलेल्या नसतात. एका मावशींनी नळ सांगताना मध्येच सांगितलं की त्या इंजिनाच्या गरम पाण्याने पोरांच्या आंघोळी उरकायच्या, फायरमनला विनवून बादली भरून घ्यायच्या. कुठल्या कागदात हे मिळणार?

नळाच्या जागेवर मात्र एकमत होईना. तिघांनी तीन जागा दाखवल्या आणि तिघेही ठाम. मग मी जमिनीकडे गेलो. इंजिन जिथे रोज थांबतं तिथे राख पडते आणि राखेबरोबर जळक्या कोळशाचे वितळून घट्ट झालेले खडे. ते कुजत नाहीत. जुन्या भरावाच्या कडेने काठीने माती उकरत गेलो तर एका ठिकाणी ते खडे अगदी थरच्या थर निघाले, काळे, सच्छिद्र, हातात हलके. तिघांपैकी एका आजोबांनी दाखवलेली जागा तिथून आठ-दहा पावलांवर होती. त्यांना खडे नेऊन दिले. "मी सांगत न्हवतो?" एवढंच म्हणाले, पण त्यातला एक खडा त्यांनी ठेवून घेतला.

रामलिंगच्या बाजूला जुना मार्ग पायी चालण्यासारखा आहे. पावसाळा सरता सरता जावं. दगडी मोऱ्या अजून चिरेबंद आहेत, भरावावर बाभळी आणि घाणेरी माजली आहे, आणि खोदाईच्या ठिकाणी दोन्ही बाजूंचा कातळ इतका जवळ येतो की त्या रुंद डब्यांच्या खिडकीतून हात बाहेर काढायची छाती झाली नसती. मी मोऱ्यांची मापं घेतली, वळणांचे अंदाज घेतले. मोठी लाईन येडशीहून वळून धाराशिवला जाते. जुनी तशी जात नव्हती, धाराशिवच्या लोकांना गाडी धरायला येडशीलाच यावं लागे. त्यामुळे तेवढ्या गावाला केवढं स्टेशन, हा प्रश्न मॉडेल पाहणाऱ्याला पडला तर त्याचं उत्तर तेच: जिल्ह्याच्या गावाचं स्टेशन होतं ते एका अर्थी.

डब्याच्या रंगाचा शोध सोपा निघाला. एका शेतकऱ्याच्या गोठ्याला जुन्या डब्याच्या खिडकीची लाकडी झडप लावलेली होती. त्यांच्या परवानगीने तिचा एक कोपरा ओल्या पॉलिश पेपरने उतरता घासला. वरती निळा, त्याखाली तांबडट विटकरी, त्याखाली अस्तराचा करडा आणि मग साग. मला वाफेच्या इंजिनाचा काळ दाखवायचा होता, तेव्हा विटकरी धरला. तोच रंग बरोबर हे आत्याने बघताक्षणी सांगितलं, जवळ चष्मा नसताना.

इंजिनाला एका गोष्टीने फार साथ दिली. वाफेच्या शेवटच्या काळात बार्शी लाईटवर मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, असलेली २-८-२ इंजिनं होती: पुढे दोन लहान चाकं, मग ओढणारी आठ, मग मागे दोन. जपानच्या रेल्वेवर याच मांडणीचं डी-५१ नावाचं प्रसिद्ध इंजिन आहे आणि त्याचं एन गेजचं मॉडेल सहज मिळतं. मूळ डी-५१ ची ओढणारी चाकं १४०० मिलिमीटरची. जपानी एन गेज १:१५० चं, म्हणजे मॉडेलचं चाक सव्वानऊ मिलिमीटरच्या जरा वर. तेच चाक १:८७ ने वाचलं तर पावणेतीन फुटांच्या आत येतं, नॅरोगेजच्या इंजिनाला शोभेल असं. म्हणून एक वापरलेलं डी-५१ घेतलं, त्याचा वरचा साज उतरवला आणि खालच्या चाकांवर पितळी पत्र्याचा बॉयलर, चिमणी, ड्रायव्हरची केबिन नव्याने चढवली. वाफेचे घुमट एका ओळखीच्या मुलाने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिले. फोटोवरून मापं काढताना चाकाचा व्यास हाच माझा गज होता.

मग गाडी घाटावर घातली. डबे पोकळ आणि हलके असताना वळणावर मधलाच डबा आत ओढला जाऊन पडायचा. ही मॉडेलवाल्यांची नेहमीची पीडा आहे. उपाय म्हणून लोक डब्यांत शिशाचे तुकडे ठेवतात, कुठे कमी कुठे जास्त. मी स्वयंपाकघरातला काटा घेतला आणि कॅलथ्रॉपचा नियम लावला: गाडीतल्या प्रत्येक आसावर सारखं वजन. डबा असो, वाघीण असो, गार्डाचा डबा असो. त्यानंतर ती बारा डब्यांची गाडी घाटाची वळणं घेत वर गेली, एकदाही न अडखळता, आणि मी तिच्याबरोबर टेबलाच्या कडेने चालत गेलो. पाच टनांचा नियम मी तोवर वाचला होता, बोटांना तो त्या दिवशी कळला.

या गाडीत मी प्रवासी डब्यांना वाघिणी मुद्दाम जोडल्या आहेत. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत डबे पुरायचे नाहीत आणि मालाच्या बंद वाघिणींत वारकरी भरून जायचे. दारं उघडी, दारात पाय सोडून बसलेली माणसं, आत टाळ आणि पताका. काल ज्या वाघिणीत शेंगा किंवा सरकी गेली, तीत आज माणसं. माझ्या आजीने पंढरपूर असंच केलं, वाघिणीत उभ्याने, आणि तिच्या तोंडून मी तक्रारीचा शब्द ऐकला नाही. ती सांगायची ती एकच गोष्ट: वाघिणीत जागा मिळाली म्हणून वारी घडली. ती माणसं मी पाऊण इंचाहून थोडी उंच, दोन-दोन सेंटिमीटरची केली आहेत. एका वाघिणीच्या दारातली नऊवारीतली बाई कोण हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मॉडेल चालू लागल्यावर ते पाहायला येडशीहून आप्पा आले. आप्पा म्हणजे या लाईनवर फायरमन म्हणून लागलेले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. ते बराच वेळ घाटाकडे पाहत राहिले. मी नेहमीचा विषय काढला. म्हटलं, "आप्पा, लोक म्हणतात गाडीतून उतरून हरभरा उपटायचे."

"उपटायचे की," आप्पा म्हणाले. "पण कुठं? घाटात. मागं भरलेल्या वाघिणी, रूळ दवानं ओला, चाक फिरतंय पण गाडी हलंना, मी पुढं वाळू टाकतोय, हा फायरमन फावडं मारून मारून मेलाय. वर बसलेल्याला काय, त्याला वाटतंय गाडी चालायला आळस करती. आरं, ती आळस करीत न्हवती. ती वढत हुती."

मी त्यांना रेग्युलेटर, म्हणजे माझा कंट्रोलरचा खटका, हातात दिला. त्यांनी गाडी घाटाच्या पायथ्याला थांबवली, मग इतकी हळू सोडली की चाकांचे फेरे मोजता यावेत. माझ्यापेक्षा फार हळू. "आता बरोबर," म्हणाले. तेव्हापासून घाटातला वेग मी त्यांनी ठरवून दिला तोच ठेवतो. नंतर त्यांनी वाळूची पेटी इंजिनाच्या कुठल्या अंगाला दिसते ते दाखवलं आणि फायरमन उभा नको, वाकलेला पाहिजे, असं सांगितलं. दोन्ही बदल त्याच आठवड्यात केले.

आता कुर्डुवाडी करतो आहे. घाटापेक्षा ते अवघड आहे. कारण तिथे छोट्या गाडीच्या शेजारी मोठी गाडी उभी करावी लागणार. बार्शी-लातूरकडून आलेलं प्रत्येक पोतं, कापसाची प्रत्येक गाठ तिथे हमालांच्या पाठीवरून नॅरोगेजच्या वाघिणीतून ब्रॉडगेजच्या वाघिणीत जायची. तो धक्का, त्या दोन फळ्या आणि मधली माणसं दाखवल्याशिवाय या लाईनचा धंदाच कळणार नाही. पण १:८७ चा जो मोठा ट्रॅक बाजारात मिळतो तो साडेसोळा मिलिमीटरचा, युरोपच्या रेल्वेसाठी केलेला. आपली मोठी लाईन त्याहून रुंद, १६७६ मिलिमीटरची. तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात. तयार ट्रॅक घातला तर मोठी गाडी अरुंद होईल आणि शेजारी छोटी आहे त्यापेक्षा मोठी भासेल. खरं माप घातलं तर मोठ्या गाडीचा डबा सदतीस मिलिमीटर रुंद आणि तिच्यापाशी आमचा पंचवीसचा: रूळ निम्म्याहून कमी, डबा मात्र दोन-तृतीयांश. हे डोळ्यांना दिसलं पाहिजे, तेव्हा मोठी लाईनही हातानेच टाकतो आहे. धक्क्याची लांबी वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या एका काकांकडून पक्की झाली आहे, हमालांच्या पाठीवरची पोती वळून ठेवली आहेत. गाठी करायला घ्यायच्या आहेत. त्यांना गोणपाट कुठलं आणि पट्ट्या किती, हे बार्शीच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला विचारायला पुढच्या रविवारी जातो आहे.